बुडणारा ट्रॅक हवा!

रविवारी सकाळी सव्वासहाला, सज्जन माणसं कूस बदलून पुन्हा झोपतात त्या वेळी, मी म्हात्रे पुलाखाली उभा होतो. पायात नवे कोरे रनिंग शूज (सेलमध्ये घेतलेले, पण ब्रॅण्डेड), पाठीवर सॅक आणि डोक्यात एक खूळ. मुठेच्या कडेकडेने, जमलं तर एकदाही वर रस्त्यावर न येता, थेट संगम पुलापर्यंत चालत जायचं. नकाशावर बघितलं तर अंतर काही फार नाही. चार-पाच किलोमीटर. जिममधल्या ट्रेडमिलवर आपण एवढं सहज चालतो, तेही समोरच्या टीव्हीवर दुसऱ्याने लावलेल्या मालिका बघत.

हे खूळ डोक्यात घातलं माझ्या एका मित्राने. तो सध्या म्युनिकला ऑनसाइट आहे. ऑनसाइट गेलेला माणूस आधी बर्फाचे फोटो पाठवतो, मग गाडीचे, मग बाळाचे. हा पठ्ठ्या नदीचे पाठवतो. ईझार नदी. शहराच्या मधून वाहणारी, काठाला पांढरे गोटे, गोट्यांवर पहुडलेली माणसं, कुणी पाण्यात पाय सोडून बसलंय, कुणी सायकल आडवी टाकून पुस्तक वाचतंय. खाली याची एकच ओळ, 'ऑफिस सुटल्यावर दहा मिनिटांत इथे.' मी ऑफिस सुटल्यावर दहा मिनिटांत पार्किंगमधून बाहेर पडलेला असतो. तेही नशीब असेल तर.

असो. सुरुवात तर सही झाली. नदीत एका खडकावर ढोकरी ध्यान लावून बसलेली, पलीकडे शेकाट्यांची लाल लांब पायांची टोळी चिखलात चोची खुपसत होती. पहिली दहा मिनिटं मला वाटलं, अरे, उगाच लोक नावं ठेवतात! मग एक नाला आला. नाला म्हणजे कुणाच्या तरी सोसायटीचं, कुणाच्या तरी पेठेचं, खरं सांगायचं तर तुमचं-माझंच कालचं पाणी, काळंकुट्ट, फेसाळत नदीत उतरणारं. त्याच्यावरून उडी मारायची माझी हिंमत झाली नाही. वर आलो, वळसा घालून परत खाली. पुढे राडारोड्याचा ढीग. परत वर. मग पार्क केलेले टेम्पो. मग एक भिंत, जिच्यापलीकडे काय आहे हे भिंतीलाच ठाऊक. मेट्रोच्या खांबांखालून गेलो तेव्हा डोक्यावरून रविवारची पहिलीच असावी अशी एक रिकामी गाडी सुळकन गेली आणि आतला एकुलता एक माणूस माझ्याकडे करुणेने बघतोय असा भास झाला. संगमापर्यंत मी एकूण सात वेळा नदी सोडून वर आलो. मोजलेत.

तर मुद्दा असा, की आपल्या शहराला नदीकाठाने सलग चालता येत नाही. लांब कशाला, डेक्कनवर दहा वर्षं नोकरी करणारी मंडळी मला माहीत आहेत, ज्यांनी नदी फक्त पुलावरून, नाकाला रुमाल लावून बघितली आहे.

आणि नदीकाठाने चालणं ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही बरं का. नर्मदेची परिक्रमा करणारी माणसं शतकानुशतकं हेच करत आली आहेत. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही आणि चालत राहायचं. तिथे कुणी आधी पेव्हर ब्लॉक बसवून दिले नव्हते. पण परिक्रमावासी सुट्टी काढून निघतो, आपल्याला सोमवारी सकाळी स्टेटस कॉल असतो. आपल्याला ऑफिसच्या आधी किंवा नंतर तासभर, दिवे असलेला, टॉयलेट असलेला, एकट्या मुलीला संध्याकाळी सात वाजता बिनधास्त चालता येईल असा ट्रॅक हवा. यात चैन काही नाही.

मग तो होतोय की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पुण्याचा नदीकाठ विकास प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा आहे. ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते पहिल्या ९ किलोमीटरच्या टप्प्याचं भूमिपूजन झालं, तेव्हा त्याचा खर्च १,०८० कोटींहून जास्त सांगितला गेला. आराखडा अहमदाबादच्या एचसीपी या संस्थेचा, म्हणजे ज्यांनी साबरमतीचा रिव्हरफ्रंट केला तेच लोक. त्यामुळे पुण्यात या विषयावर गप्पा सुरू झाल्या, की पाचव्या मिनिटाला साबरमती येतेच.

आमच्या ऑफिसातही येते. माझ्या शेजारच्या क्युबिकलमधली टीममेट मूळची अहमदाबादची आहे. (मराठी आता माझ्याहून शुद्ध बोलते, आणि ते मला वारंवार ऐकवते.) तिचं म्हणणं, "तुम्ही पुणेकर नुसते वाद घालता. आमच्याकडे ये, संध्याकाळी बघ. आजी-आजोबा, पोरं, नवरा-बायको, सगळं शहर नदीवर असतं." आणि खोटं नाही ते. मी गेलोय. दोन्ही काठांना मिळून वीसेक किलोमीटर चालायला जागा, २०१२ पासून लोकांना खुली, आणि खरंच माणसांनी फुललेली. आधी नदीकडे पाठ करून बसलेलं शहर तिच्याकडे तोंड करून बसलंय, हे दृश्य बघून मला हेवा वाटला. तिचा दुसरा मुद्दा तर आणखी बिनतोड आहे. लोक नदीवर आलेच नाहीत, तर नदीसाठी भांडणार कोण? आधी येऊ देत तर!

पण साबरमतीची गोष्ट पूर्ण ऐकायला हवी. तिथे नदी सगळीकडे सारख्या, २६३ मीटर रुंदीच्या चौकटीत बसवली आहे. वर्षातला बराच काळ ती कोरडीच असायची, म्हणून आता तिच्यात नर्मदेच्या कालव्याचं पाणी सोडतात आणि खाली वासणा बंधाऱ्याने अडवून धरतात. म्हणजे आपण जिच्याकाठी आइसक्रीम खातो ती एका अर्थी नदी कमी आणि लांबलचक तलाव जास्त. काठावरची दहा हजारांहून जास्त कुटुंबं दुसरीकडे हलवली गेली. ही किंमत योग्य की अयोग्य यावर अहमदाबादकर अजून भांडतात, ते भांडोत. माझा प्रश्न वेगळा आहे. मुठा साबरमतीसारखी वागते का?

नाही वागत. मुठेच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं आहेत. पावसाळा सोडला तर धरणाचं पाणी कालव्यात आणि आपल्या नळांत जातं, नदीत वाहतं ते नाल्यांचं. आणि पावसाळ्यात धरणं भरली, की एका रात्रीत तीच मरगळलेली मुठा दोन्ही काठ धरून धावते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा काय झालं, हे ज्याच्या घरात आजी-आजोबा आहेत त्याला सांगायला नको. भिंतीवरची पाण्याची खूण अजून दाखवणारी माणसं पेठांमध्ये भेटतात.

पण पानशेत कशाला, २५ जुलै २०२४ आठवतंय ना? खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या घरात विसर्ग होता. क्युसेक हा शब्द आपण बातमीत वाचतो आणि पुढे सरकतो. हिशोब करून बघा. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. उन्हाळ्यात तुमच्या सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे शंभर टँकर. दर सेकंदाला. सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. आणि डेक्कनला पुलाच्या वाडीत, त्याच नदीच्या काठावर, पहाटे आपली हातगाडी पाण्यातून हलवायला गेलेले तीन तरुण विजेचा धक्का बसून गेले. ज्या जागेला आपण रिक्रिएशन म्हणतो, ती कुणाची तरी रोजीरोटी आहे, कुणाचं घर आहे.

आमचा टेस्टिंगमधला एक सहकारी सिंहगड रोडला राहतो, तळमजल्यावर. त्या दिवशी त्याने सकाळी साडेसहाला ग्रुपवर मेसेज टाकला, 'आज लीव्ह. घरात नदी.' आम्ही दोघा-तिघांनी त्यावर हसणाऱ्या स्मायली टाकल्या. अर्ध्या तासाने त्याने फोटो टाकला, ज्यात फ्रिज आडवा तरंगत होता. नंतर आठवडाभर कुणी काही बोललं नाही. परवा लंचला मी या ट्रॅकचं माझं खूळ सांगत होतो तेव्हा तो डबा बंद करत शांतपणे म्हणाला, "कर ना ट्रॅक. मी पण येईन चालायला. फक्त तुझ्या ट्रॅकला जागा करायला नदी माझ्या घरात नको पाठवू."

या एका वाक्याने माझं सगळं प्रेझेंटेशन कोसळलं.

कारण नदीची रुंदी म्हणजे उन्हाळ्यात दिसते ती नाही. पाटबंधारेवाल्यांच्या नकाशात दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. निळ्या रेषेच्या आतली जागा रिकामी दिसते म्हणून ती रिकामी नसते. ती नदीची रिझर्व्ह सीट आहे, प्रवासी पुढच्या स्टेशनला चढणार आहे एवढंच. आपण तिथे भराव टाकला, तट बांधला, की पाणी नाहीसं होत नाही. ते उंच होतं, जोरात जातं आणि शेजारी घुसतं. प्रकल्पवाले सांगतात की त्यांच्या आराखड्यात पुराची पातळी वाढत नाही. विरोध करणारे सांगतात की वाढेल, आणि ते हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. एप्रिल २०२३ मध्ये हजारो झाडांच्या तोडीविरोधात पुणेकर 'चिपको' म्हणत रस्त्यावर उतरले, त्यात आपल्यासारखी जीन्स-टीशर्टवाली नोकरदार जनता भरपूर होती. मी इंजिनीअर आहे, पण पाण्याचा नाही. त्यामुळे आकडेमोडीत कोण बरोबर हे मी ठरवू शकत नाही. मला एवढं कळतं, की शंका असेल तेव्हा नदीला जागा जास्त द्यावी. चालायला मला दोन मीटर पुरतात.

आता म्युनिककडे परत येतो. मित्राचे फोटो बघून मला वाटायचं, त्यांची नदी मुळातच तशी असणार, जर्मन लोक, शिस्त वगैरे. तसं नाही! शंभरेक वर्षं ईझारही आवळून सरळ केलेल्या पात्रातून कालव्यासारखी वाहत होती. २००० ते २०११ अशी अकरा वर्षं त्यांनी शहराच्या दक्षिणेकडच्या आठ किलोमीटरवर काम केलं. काम काय, तर बांधण्यापेक्षा उकरण्याचं. काँक्रीटचे काठ काढले. ५० मीटरच्या आसपासचं पात्र जागा मिळेल तिथे ९० मीटरपर्यंत रुंद केलं. गोटे आणि वाळू नदीला परत दिली, आणि पूर आला की तिने ती हवी तशी हलवावी अशी मुभाही दिली. मित्र सांगतो, गेल्या वर्षी जिथे चटई टाकून बसायचो ते बेट यंदा नाहीच. दुसरं तयार झालंय, पलीकडे. खर्च ३५ मिलियन युरो, म्हणजे आजच्या दराने साडेतीनशे कोटींच्या आसपास. (तुलना अगदी सरळ नाही, मान्य. काळ वेगळा, देश वेगळा. तरीही मी ती केलीच.)

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्राधान्यक्रम. आधी पुरापासून शहराचं संरक्षण, मग नदीचं नदीपण, आणि मग लोकांची मौजमजा. म्हणजे आपला नंबर तिसरा, आणि तरी मजा सगळ्यात जास्त आपल्यालाच! शिवाय लोक पाण्यात उतरणार म्हणून वरच्या अंगाच्या शुद्धीकरण केंद्रांमध्ये अतिनील किरणांनी जंतू मारायची सोय केली. पाणी आधी, चटई नंतर.

आपल्याकडेही पाण्याची योजना आहे. त्याच ६ मार्चला अकरा सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांचंही भूमिपूजन झालं, क्षमता रोज सुमारे ४० कोटी लिटर, खर्च १,४७० कोटींहून जास्त. पण नदीकाठाबद्दल जेवढी भांडणं, जेवढी चित्रं, जेवढे थ्रीडी व्हिडिओ बघितले, त्याच्या दहावा भागही या केंद्रांबद्दल मी ऐकलं नाही. साहजिक आहे म्हणा. शुद्धीकरण केंद्राच्या समोर उभं राहून कोण सेल्फी काढणार? पण नाल्याच्या वासात मार्बलचा बाक ठेवला, तरी बसणारा रुमाल काढणारच.

चालता चालता मी भिडे पुलाशी पोहोचलो, आणि तिथे कठड्याशी टेकून पाणी पिताना मला एकदम सुचलं ते सांगतो. आपण सगळे भिडे पुलाची किती चेष्टा करतो! दर जुलैत तो पाण्याखाली गेला की फोटो, जोक, 'पुण्यात पावसाळा अधिकृतरीत्या सुरू'. पण बॉस, पुण्यातला सगळ्यात समंजस पूल तोच आहे. तो नदीशी भांडत नाही. पाणी आलं की मुकाट खाली जातो, दोन दिवस गाड्या दुसरीकडून जातात, पाणी उतरलं की चिखल झटकून पुन्हा कामावर हजर. ना त्याने पाणी कुणाच्या घरात ढकललं, ना स्वतः वाहून गेला.

मला ट्रॅक तसा हवा. भिडे पुलाच्या जातीचा. पूर आला की बुडणारा.

म्हणजे काय, तर निळ्या रेषेच्या आत मुरमाची, दाबून केलेली पायवाट. वाहून गेली तर पन्नास ब्रास मुरूम टाकून पुन्हा करता येईल अशी. ग्रॅनाइट वाहून गेला की टेंडर निघतं, मुरूम वाहून गेला की ट्रक येतो. कडेला शोभेचे पाम नकोत. करंज, उंबर आणि वाळुंज हवेत, ज्यांना पाय पाण्यात घालून उभं राहायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. वाळुंज वाकतो, पाणी गेलं की सरळ होतो. दिवे हवेत, पण त्यांच्या वायरी आणि बॉक्स पुराच्या पातळीच्या वर. पुलाच्या वाडीनंतर हे वेगळं सांगायला लागू नये. वर चढायला दर दोनशे मीटरवर रॅम्प, विसर्ग वाढला की भोंगा आणि बंद होणारी गेटं. टॉयलेट, कॅफे, सायकल स्टॅण्ड, सगळं वर, रेषेच्या बाहेर. येरवड्याजवळच्या सालिम अली पक्षी अभयारण्यासारख्या जागी तर ट्रॅकने सरळ वळसा घालावा आणि पक्ष्यांना त्यांच्या संडे मॉर्निंगचा आनंद घेऊ द्यावा. सलग असलंच पाहिजे असं माझंच म्हणणं होतं ना? तिथे मी सॉरी म्हणतो.

आणि यासाठी ४४ किलोमीटर पूर्ण व्हायची वाटही बघायला नको. 'जीवितनदी' संस्थेची मंडळी कित्येक वर्षं लोकांना घेऊन मुठेकाठी फिरतात, विठ्ठलवाडीचा काठ त्यांनी दत्तक घेतल्यासारखा सांभाळलाय. त्यांच्याबरोबर एकदा चाललो होतो तेव्हा पहिल्यांदा कळलं, की वाळुंज कशाला म्हणतात.

संगम पुलाखाली पोहोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. समोर मुळा येऊन मुठेला मिळत होती. दोघींचा रंग सारखाच, त्यामुळे कोण कुणाला मिळतंय हे कळायला जरा वेळ लागला. मी रिक्षा करून घरी आलो. बायकोने दारातच थांबवलं आणि शूज जिन्यात काढायला लावले. ते अजून जिन्यातच आहेत. शेजाऱ्यांची तक्रार आली आहे.

दुपारी म्युनिकचा फोटो आला. नेहमीचाच. गोटे, सायकल, निळसर पाणी. मी उत्तरादाखल सकाळी काढलेला भिडे पुलाचा फोटो पाठवला.

"हा अजून आहे?" त्याने विचारलं.

"आहे," मी लिहिलं. "जुलैत नसतो. पण परत येतो."